दोन हजार पटीचा मायक्रोस्कोप आणि भाट्ये खाडीतले डायनोफ्लॅजेलेट

गेल्या वर्षी जूनमध्ये, नेमका पाऊस लागण्याच्या आठवड्यात, अंबाल्याहून निघालेली एक लाकडी पेटी रत्नागिरीला माझ्या घरी येऊन पोहोचली. तिच्यात तीन नळ्यांचा, म्हणजे ट्रायनॉक्युलर, मायक्रोस्कोप होता. त्याला बसवायची फेज कॉन्ट्रास्टची आणि फ्लुओरेसन्सची जोडणी होती, पाच मेगापिक्सेलचा कॅमेरा होता आणि २० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) म्हणून विकलेली, प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव गोळा करायची जाळी होती. सगळे मिळून मला ६८,४०० रुपये पडले. कंपनीचे नाव मी लिहीत नाही, कारण हुबेहूब याच घडणीचे यंत्र निरनिराळ्या नावांच्या पट्ट्या चिकटवून विकले जात असल्याचे मला नंतर ऑनलाइन दिसले, आणि नाव बदलले तरी पुढे लिहिलेले गुणदोष बदलतील असे वाटत नाही.

मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत होते आणि आता निवृत्त आहे. घराच्या पडवीत एक लांब टेबल मांडून तिथे मी आणि आसपासची काही मुले काजळी नदीच्या मुखाशी, भाट्ये खाडीत आणि मांडवीच्या जेटीजवळ मिळणारे समुद्री डायनोफ्लॅजेलेट ओळखण्याचा प्रयत्न करतो. त्यामुळे हे परीक्षण एवढ्याच कामापुरते आहे. कांद्याची साल किंवा रक्ताचा पातळ थर पाहण्यासाठी हे यंत्र कसे आहे, या प्रश्नाला उत्तर सोपे आहे, कारण त्या कामाला कोणतेही बरे यंत्र चालते. डायनोफ्लॅजेलेटची जाती ठरवणे ही मात्र यंत्राची खरी कसोटी असते. एक शब्दांचा खुलासा आधीच करते. जीनस म्हणजे प्रजाती आणि स्पीशीज म्हणजे जाती, असे मी सर्वत्र लिहिले आहे. वर्तमानपत्रांत हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात, आणि या विषयात तो घोटाळा परवडत नाही.

डायनोफ्लॅजेलेट हे एकपेशीय जीव आहेत. त्यांच्या नावातला 'डायनो' हा डायनासोरमधला नव्हे. ग्रीक भाषेत 'दिनोस' म्हणजे भोवरा किंवा गिरकी. बहुतेकांच्या पेशीला कमरेभोवती एक आडवी खाच असते आणि तिच्यातून एक कशाभिका, म्हणजे चाबकासारखा हलणारा धागा, पट्ट्यासारखी फिरते; दुसरी कशाभिका उभ्या खाचेतून मागे लोंबते; या दोहोंच्या हालचालीने पेशी स्वतःभोवती गिरक्या घेत पुढे सरकते. आज जिवंत असलेल्या जातींची संख्या दोन हजारांहून अधिक धरली जाते. त्यांतल्या सुमारे निम्म्या प्रकाशसंश्लेषण करतात आणि बाकीच्या दुसऱ्यांना खाऊन जगतात, म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञ आणि प्राणिशास्त्रज्ञ या दोघांनीही त्यांना आपापल्या नियमांनी नावे दिली आणि नावांचा गुंता दुप्पट करून ठेवला. काहींच्या अंगावर सेल्युलोजच्या पट्ट्यांचे चिलखत असते, काही उघड्या असतात. चिलखतातल्या पट्ट्या किती, कोणत्या आकाराच्या आणि कोणती कोणाला टेकलेली, यावर वर्गीकरणाचा बराचसा डोलारा उभा आहे. चार्ल्स कोफॉइड या अमेरिकी शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या पट्ट्यांना टोकापासून तळापर्यंत ओळीने क्रमांक देण्याची पद्धत बसवली, आणि थोड्याफार दुरुस्त्यांसह तीच आजही चालते. म्हणजे मायक्रोस्कोपने दाखवायची गोष्ट ठरलेली आहे: तीस-चाळीस मायक्रॉनच्या एका पारदर्शक गोळ्यावरच्या केसाहून कितीतरी बारीक शिवणी.

आता यंत्रासोबत आलेल्या माहितीपत्रकाकडे येते. त्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत '२००० पट' असे छापलेले आहे. हा आकडा १०० पटीच्या ऑब्जेक्टिव्हला, म्हणजे नमुन्याकडच्या भिंगाला, २० पटीची आयपीस, म्हणजे डोळ्याकडचे भिंग, लावून काढलेला आहे, आणि गुणाकार म्हणून तो बरोबरच आहे. पण दोन जवळच्या रेघा वेगळ्या दिसणे हे पटीवर अवलंबून नसते, ते ऑब्जेक्टिव्हच्या न्यूमेरिकल ॲपर्चरवर, म्हणजे भिंग किती रुंद कोनातला उजेड गोळा करते ते सांगणाऱ्या आकड्यावर, अवलंबून असते. या यंत्राच्या १०० पटीच्या तेलाच्या भिंगाचे ॲपर्चर १.२५ आहे. हिरव्या प्रकाशात त्याने कमीत कमी पाव मायक्रॉनच्या थोडे वर अंतर असलेल्या दोन गोष्टी सुट्या दिसतील. ४० पटीच्या भिंगाचे ॲपर्चर ०.६५ आहे आणि त्याची मर्यादा साधारण अर्ध्या मायक्रॉनवर येते. ॲपर्चरला हजाराने गुणले की जो आकडा येतो, त्याच्या पलीकडची पट पोकळ असते, असा जुना अंगठेनियम आहे. तो इथे १२५० वर थांबतो. त्या २० पटीच्या आयपीस मी पहिल्या दिवशी लावून पाहिल्या, मोठे आणि धुरकट चित्र पाहिले, आणि पुन्हा डबीत ठेवल्या. आमचे नव्वद टक्के काम १० आणि ४० पटीच्या भिंगांनी होते, आणि ती दोन्ही भिंगे खरोखर चांगली आहेत. चित्र कडेपर्यंत सपाट नाही, पण मधला दोनतृतीयांश भाग स्वच्छ आहे आणि रंगांच्या झालरी फारशा दिसत नाहीत.

आयपीसमध्ये मोजपट्टी बसवलेली येते, मात्र तिचे एक घर म्हणजे किती मायक्रॉन, हे कोणत्याही कागदावर लिहिलेले नाही. स्टेज मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरचे शंभर भाग कोरलेली काचपट्टी, वेगळी विकत घ्यावी लागते. आमच्या यंत्रावर १० पटीला एक घर १० मायक्रॉनचे आणि ४० पटीला २.५ मायक्रॉनचे आले. हे मापन केल्याशिवाय कोणत्याही जातीचे नाव घेणे व्यर्थ आहे, कारण वर्णनांत लांबी-रुंदीचे आकडे असतात आणि नवशिक्याचा डोळा त्यात हमखास फसतो.

मापनाची पट्टी हातात आली म्हणून मी त्याच विक्रेत्याने पाठवलेल्या जाळीचा एक तुकडा स्टेजवर ठेवला. २० मायक्रॉनची म्हणून घेतलेल्या त्या जाळीची भोके ३५ ते ४० मायक्रॉन भरली. हा फरक किरकोळ नाही. प्रोरोसेंट्रम कॉर्डेटमसारख्या, ज्याला पूर्वी प्रोरोसेंट्रम मिनिमम म्हणत, १० ते २० मायक्रॉनच्या पेशी त्यातून सरळ निसटून जातात आणि आपण मात्र 'या खाडीत ही जाती मिळत नाही' असे वहीत लिहून बसतो. विक्रेत्याला फोटोसह कळवले तेव्हा 'मॅडम, सगळे हीच घेतात' असे उत्तर आले. जाळी मी आता फक्त मोठ्या जाती गोळा करायला वापरते. बाकी नमुन्यांसाठी बादलीने एक लिटर पाणी घेऊन, त्यात पेशी मारून टिकवणारे लुगॉलचे आयोडीन टाकून, उंच मोजपात्रात रात्रभर ठेवून वरचे पाणी अलगद काढून टाकण्याची जुनीच रीत बरी पडते.

पहिला खरा उपयोग ऑक्टोबरअखेरीस झाला. पावसाळ्यात आमच्या नमुन्यांत बव्हंशी डायटम, म्हणजे काचेसारख्या कवचाची एकपेशीय शैवाले, असतात; पाणी निवळून स्थिर होऊ लागले की डायनोफ्लॅजेलेट दिसू लागतात. भाट्ये पुलाच्या खालच्या अंगाला एका ओळखीच्या दादांच्या होडीतून जाळी ओढली आणि पहिल्याच थेंबात ट्रायपॉस फुर्का दिसला. पुढे एक सरळ शिंग, मागे दोन जवळजवळ समांतर पण असमान शिंगे, असा हा नांगराच्या फाळासारखा जीव १० पटीतही ओळखू येतो. त्याच्याच जोडीला ट्रायपॉस फ्युसस होता, म्हणजे चातीसारखा लांब, ज्याचे मागचे एक शिंग नावापुरतेच उरलेले असते. ज्यांची मागची शिंगे वळून पुन्हा पुढच्या दिशेला जातात, अशा जाती, उदाहरणार्थ ट्रायपॉस म्युलेरी किंवा ट्रायपॉस ट्रायकोसेरॉस, यांना वळणाचा कोन आणि शिंगांची जाडी पाहावी लागते, पण तेही या यंत्रात सहज जमते.

'बाई, हे शिंग तुटलंय की असंच असतं?' एका मुलीने विचारले. प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर देताना यंत्राचा एक गुण कळला. ट्रायपॉसची पेशी तिरकी दुभंगते. चिलखताचा अर्धा भाग एका पिल्लाला आणि अर्धा दुसऱ्याला मिळतो आणि उरलेला अर्धा प्रत्येकाला नव्याने घडवावा लागतो. नव्याने येणारे शिंग आखूड, पातळ आणि गुळगुळीत असते, जुने जाड आणि रेघारेघांचे असते. ४० पटीत, कंडेन्सरची, म्हणजे नमुन्याखाली उजेड एकवटणाऱ्या भिंगाची, झडप थोडी मिटवून पाहिल्यावर, जुन्या आणि नव्या कवचातली ती तिरकी सीमा स्पष्ट दिसली. शिंग तुटलेले नव्हते, ते वाढत होते. झडप मिटवून कॉन्ट्रास्ट वाढवण्याची ही सोय साध्या यंत्रांतही असते, परंतु इथे झडपेचा दांडा मऊ आणि अचूक चालतो, आणि कंडेन्सर वर-खाली करण्याचे चाक हाताला नेमके लागते. अशा बारीक गोष्टींसाठी मी या यंत्राला गुण देते.

नावाचा विषय निघाला म्हणून सांगते. आर. सुब्रह्मण्यन यांनी भारतीय समुद्रांतल्या डायनोफ्लॅजेलेटवर १९६८ आणि १९७१ साली दोन भागांत जे काम प्रसिद्ध केले, त्यातला पहिला भाग सेरॅशियम या प्रजातीचा आहे, आणि आमच्या टेबलावर तो अजूनही सर्वांत जास्त उघडला जातो. मात्र त्यातले सेरॅशियम फुर्का आज ट्रायपॉस फुर्का आहे. समुद्री सेरॅशियमच्या कमरेच्या खाचेत पाच पट्ट्या असतात आणि गोड्या पाण्यातल्यांत सहा, हा फरक आणि रेणवीय पुरावा धरून आधी २०१० साली समुद्री जातींसाठी निओसेरॅशियम हे नाव काढले गेले, आणि २०१३ साली गोमेझ यांनी ट्रायपॉस हे जुने नाव पुन्हा पुढे आणले. मुलांना ही नावांची उलथापालथ वैतागाची वाटते. मला वाटत नाही, कारण पाच आणि सहा या आकड्यांसाठी कुणीतरी त्या खाचेतल्या पट्ट्या खरोखर मोजल्या होत्या.

मोजण्याचा हा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो तो प्रोटोपेरिडिनियममध्ये, आणि यंत्राची परीक्षाही इथेच होते. बालेक यांनी १९७४ साली समुद्री पेरिडिनियम वेगळे काढून ही प्रजाती स्थिर केली, आणि त्यालाही कमरेच्या पट्ट्यांची संख्या हाच आधार होता. प्रजाती ओळखणे सोपे आहे: वरचा शंकू, खालची दोन शिंगे किंवा काटे, रंगहीन किंवा गुलाबीसर पेशी. जातीसाठी दोनच पट्ट्या पाहाव्या लागतात, पण त्या पेशीच्या विरुद्ध अंगांना असतात. पोटाकडच्या बाजूला शिखरावरची पहिली पट्टी चौकोनी असेल तर ऑर्थो, पंचकोनी असेल तर मेटा आणि षट्कोनी असेल तर पॅरा. पाठीकडच्या बाजूला मधली अंतर्वेशी पट्टी चार, पाच की सहा कोनांची, त्यावरून क्वाड्रा, पेंटा किंवा हेक्सा. या दोन उत्तरांच्या जोडीने जातींचे गट पडतात. मग आकार, मापे आणि काटे पाहून जाती ठरते.

कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात पेशी कव्हरस्लिपखाली, म्हणजे थेंबावर ठेवलेल्या पातळ काचेखाली, जशी पडेल तशी पडते, आणि ती बहुधा आपल्याला नको त्या कुशीवर पडते. डिसेंबरातल्या एका सकाळी मी एकाच पेशीवर पाऊण तास घालवला. तिचे पोट वर होते; पहिली पट्टी पॅरा असावी असा भास होत होता, पण वरच्या डाव्या कोपऱ्यातली शिवण एका दाण्याखाली लपली होती. कव्हरस्लिपच्या कडेला सुईचे टोक लावून ती केसभर सरकवली की खालची पेशी लोळते. पहिल्या खेपेला ती निसटून दृष्टिक्षेत्राबाहेर गेली, दुसऱ्या खेपेला तिने पाठ दाखवली, आणि तिसऱ्या खेपेला थोडी तिरकी होऊन पोट दाखवत स्थिर राहिली. तेव्हा सहावा कोन दिसला. या कामात यंत्राची स्टेज कमी पडली. आडव्या दिशेचे चाक सैल आहे, हात काढला की स्टेज आपल्या वजनाने दोन-तीन मायक्रॉन सरकते, आणि ४० पटीत एवढे सरकणे म्हणजे पेशीचा कोपरा मोजपट्टीवरून घसरणे. मी चाकाच्या आतली कडी पाना लावून घट्ट केली, तेव्हा ते काही आठवडे नीट चालले आणि पुन्हा सैल झाले.

फेज कॉन्ट्रास्टची जोडणी मात्र या पैशांत अपेक्षेपेक्षा सरस निघाली. रंग न देता पारदर्शक पेशीतला फरक उजेड-अंधारात दाखवण्याच्या या तंत्रासाठी झर्निके यांना १९५३ साली नोबेल मिळाले होते. आमच्या पेटीत ते एका सरकपट्टीच्या रूपाने आले. कंडेन्सरमधली कडी आणि भिंगातली कडी एकमेकींवर नेमकी बसवण्यासाठी लागणारी छोटी दुर्बीणही दिलेली आहे, जी महाग यंत्रांतही कधी कधी वेगळी घ्यावी लागते. एक अडचण आहे: जाड चिलखताभोवती फेजमध्ये एक झगझगीत वलय येते आणि कडेच्या शिवणी त्यात बुडतात. म्हणून फेज उघड्या आणि पातळ पेशींसाठी, आणि जाड चिलखतासाठी झडप मिटवलेला साधा उजेड, असे आम्ही वाटून घेतले आहे.

ज्यासाठी हा संच घेतला ती गोष्ट म्हणजे फ्लुओरेसन्स. कॅल्कोफ्लुअर व्हाइट नावाचा रंग सेल्युलोजला चिकटतो आणि अतिनील प्रकाशात निळा चमकतो. कपडे पांढरे दिसावेत म्हणून साबणात घालतात त्याच घराण्यातला हा पदार्थ आहे. १९८५ साली फ्रिट्झ आणि ट्रिमर यांनी तो डायनोफ्लॅजेलेटच्या पट्ट्या दाखवण्यासाठी वापरण्याची सोपी रीत मांडली, आणि त्यानंतर पट्ट्या मोजण्याचे काम कितीतरी सुकर झाले. थेंबाला रंग लावून, खोलीतले दिवे मालवून, ३६५ नॅनोमीटरचा दिवा सुरू केला की काळ्या पार्श्वभूमीवर निळ्या रेघांचा पिंजरा उभा राहतो. जी शिवण तासभर डोळे ताणून दिसत नव्हती ती अशी समोर येते. लुगॉलमध्ये ठेवलेल्या नमुन्याचा तपकिरी रंग आधी सोडियम थायोसल्फेटने उतरवावा लागतो, नाहीतर आयोडीन उजेड गिळून टाकते. ही सूचनाही सोबतच्या पुस्तिकेत नाही.

या जोडणीत दोष निघाला, तो गंभीर होता. पहिल्या महिन्यातच पार्श्वभूमी काळी न दिसता दुधाळ निळी दिसू लागली. आयपीसकडे जाणाऱ्या वाटेवर जी गाळणी अतिनील किरणे अडवायला बसवलेली असते, ती तिच्या खोबणीत तिरकी बसली होती आणि कडेने दिव्याचा उजेड सरळ वर येत होता. चित्र बिघडणे हा त्यातला कमी महत्त्वाचा भाग. त्या उजेडाला डोळा लावून बसणे हे डोळ्यांना घातक आहे. कंपनीला फोन केला, दोन आठवड्यांनी दुसरी गाळणी कुरिअरने आली, आणि ती कशी बसवायची ते फोनवर सांगण्यात आले. ती मी बसवली आणि आज जोडणी नीट चालते. तरीही जो कुणी ही जोडणी घेईल त्याने पहिल्या दिवशी डोळा लावण्याआधी आयपीसवर पांढरा कागद धरून त्यावर निळे-जांभळे डाग पडतात का, ते अंधारात पाहावे. ज्या यंत्राजवळ मुले बसणार, त्याची ही तपासणी कारखान्यातच व्हायला हवी होती.

आता ज्याबद्दल माहितीपत्रक मोठमोठे दावे करते आणि मला सर्वांत कमी बोलायचे आहे, तो भाग म्हणजे विषारी जाती. ॲलेक्झांड्रियम ही प्रजाती १९६० साली हलीम यांनी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या बंदरातून वर्णिली. तिच्या काही जाती सॅक्सिटॉक्सिन तयार करतात, ते शिंपल्यांत साठते आणि माणसाला लकवा आणते. आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर १९८३ साली मंगळूरजवळच्या कुंबळे येथे आणि १९९७ साली केरळातल्या विळिंजम येथे शिंपले खाऊन झालेल्या अशा विषबाधेच्या नोंदी आहेत. या प्रजातीत जाती ठरवताना पहिली शिखरपट्टी टोकावरच्या छिद्राच्या पट्टीला टेकते की नाही, आणि तिच्या कडेला एक बारीकसे छिद्र आहे की नाही, हे पाहतात. ते छिद्र या यंत्राच्या ताकदीच्या अगदी काठावर येते. कॅल्कोफ्लुअर लावून, तेलाच्या भिंगाने, पेशी नेमकी पोटावर पडली असेल तर दिसते. एरवी 'दिसले असे वाटते'. आमच्या वहीत 'ॲलेक्झांड्रियम, जाती अनिश्चित' अशा नोंदी तीन आहेत आणि निश्चित नोंद एकही नाही.

त्यातही पेशी ओळखणे आणि शिंपल्यातले विष मोजणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बाजारात तिसऱ्या, कालवे किंवा शिनाणे विकणाऱ्या एका काकूंनी मला विचारले, 'बाई, तुमच्या मशिनीत बघून सांगा ना, आजच्या तिसऱ्या चांगल्या आहेत का?' मी नाही म्हटले. विषाची चाचणी रसायनशाळेत होते, माझ्या पडवीत नाही. विक्रेत्याच्या पत्रकावर 'विषारी शैवालाची झटपट तपासणी' असे जे शब्द आहेत, ते काढून टाकले पाहिजेत.

डायनोफायसिस या प्रजातीत यंत्राने पुन्हा चांगले काम केले. डायनोफायसिस कॉडाटा आमच्या नमुन्यांत वारंवार येतो. मानेभोवती कॉलर, डाव्या अंगाला शिडासारखी झालर आणि खाली बोटासारखे वाढलेले शेपूट. आणि पुष्कळदा दोन पेशी पाठीला पाठ लावून जोडीने तरंगताना दिसतात, कारण विभागणीनंतर त्या काही काळ चिकटून राहतात. उलट डायनोफायसिस ॲक्युमिनाटाच्या आसपासच्या जातींमध्ये आकार इतके एकमेकांत मिसळतात की लांबी आणि जाडी यांचे प्रमाण मोजूनही वाद राहतो, आणि तो वाद यंत्राचा दोष नाही. गंमत अशी की या प्रजातीतल्या कित्येक जाती स्वतःची हरितद्रव्याची कणिका बाळगत नाहीत. मेसोडिनियम नावाच्या एका रोमकजीवाला, म्हणजे अंगावरच्या बारीक केसांनी पोहणाऱ्या एकपेशीय जीवाला, खाऊन त्याच्याकडची, म्हणजे दोनदा चोरलेली, कणिका वापरतात. २००६ साली हे लक्षात आल्यावरच त्यांना प्रयोगशाळेत वाढवता आले.

उघड्या पेशींबाबत मात्र हा संच, आणि खरे सांगायचे तर कोणताही साधा प्रकाश मायक्रोस्कोप, अपुरा आहे. चिलखत नसल्यामुळे कॅल्कोफ्लुअरला धरायला काही नसते, आणि लुगॉल टाकताच पेशी आकसून वाटोळी होते. २००० साली जिम्नोडिनियममधून कॅरेनिया, कार्लोडिनियम आणि अकाशिवो अशा प्रजाती वेगळ्या काढल्या गेल्या त्या शिखरावरच्या बारीक खाचेचा आकार, पेशीची अंतर्रचना आणि जनुकक्रम यांच्या आधाराने. अकाशिवो हा जपानी शब्द आहे, त्याचा अर्थ लाल भरती. त्या खाचा जिवंत पेशीत, फेजमध्ये, नशीब असेल तर क्षणभर दिसतात. यंदाच्या नोव्हेंबरात मिरकरवाड्याजवळच्या पाण्यात चार पेशींची एक साखळी आली आणि मुलांनी तिला लगेच जिम्नोडिनियम कॅटेनाटम म्हणायला सुरुवात केली, कारण ती जाती साखळीत राहते हे त्यांनी वाचले होते. साखळीत राहणाऱ्या इतरही आहेत. मार्गालेफिडिनियम पॉलिक्रिकॉइड्सही राहते. बाटलीवर शेवटी चिठ्ठी लागली ती अशी: 'उघड्या पेशींची साखळी, चार पेशी, जिवंत पाहिली, नाव नाही.'

नॉक्टिल्युका सिंटिलान्ससाठी तर मायक्रोस्कोपचीच गरज नाही. थंडीच्या रात्री वल्हे मारले की पाणी निळे पेटते तेव्हा पेल्यात थोडे पाणी घेऊन सकाळी उजेडासमोर धरावे; अर्ध्या-एक मिलिमीटरचे पारदर्शक फुगे नुसत्या डोळ्यांना दिसतात. यंत्राखाली फक्त त्याचा जाड सोंडेसारखा अवयव पाहायची हौस भागते.

कॅमेरा हा या संचातला सर्वांत वाया गेलेला भाग आहे. रंग पिवळट येतात, चित्र हालचालीमागे रेंगाळते आणि सोबतचे सॉफ्टवेअर दर दोन महिन्यांनी परवानगीचा कोड मागते. मुले मोबाइल आयपीसवर धरून याहून चांगले फोटो काढतात. मोबाइल धरणारा प्लास्टिकचा चिमटा साडेतीनशे रुपयांत मिळतो.

कोकणात यंत्र ठेवणाऱ्यांसाठी एक वेगळी नोंद आवश्यक आहे. यंदा जुलैत ४० पटीच्या भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी आली. सोबत आलेले रेक्झिनचे आच्छादन ओल धरून ठेवते, त्याने उलट नुकसान होते. भिंग साफ करायला कोल्हापूरला पाठवावे लागले आणि तीन आठवडे काम थांबले. तेव्हापासून ऑब्जेक्टिव्ह काढून झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवते आणि दर पंधरा दिवसांनी जेल तव्यावर भाजून कोरडे करते. दिव्याला आतली बॅटरी आहे, ती मात्र वरदान आहे. पावसात वीज गेली तरी चार तास काम चालते.

ज्याला चिलखतवाल्या डायनोफ्लॅजेलेटच्या प्रजाती आणि ओळखू येण्याजोग्या जाती गंभीरपणे शिकायच्या आहेत, त्या महाविद्यालयाने किंवा अभ्यासकाने मायक्रोस्कोप, फेज आणि फ्लुओरेसन्स एवढेच मागवावे, कॅमेरा आणि जाळी वगळावी. त्यात माझ्या हिशेबाने सुमारे ११,००० रुपये वाचतात. त्यातून स्टेज मायक्रोमीटर, कॅल्कोफ्लुअरची एक कुपी आणि खऱ्या २० मायक्रॉनची नायलॉन जाळी घेऊनही पैसे उरतात. पाण्यातल्या पेशींची संख्या मोजण्याचे काम करायचे असेल तर हे यंत्र घेऊ नये, त्यासाठी खालून पाहणारा, इन्व्हर्टेड मायक्रोस्कोप लागतो आणि त्याची किंमत वेगळ्याच पायरीवर आहे. आमचा कॅमेरा सध्या एका विद्यार्थ्याकडे आहे आणि पेटीतला त्याचा रिकामा खण सिलिका जेलच्या पुड्यांना बरोबर मापाचा निघाला.